नव्वद दिवसांत नवरी

परवाना मिळायच्या आधीच वहिनींनी परवान्याची फ्रेम आणली. काचेची, सोनेरी काठाची, दारातून पाऊल टाकताच समोर दिसेल अशी. नवऱ्याने ती रिकामीच भिंतीवर टांगली, दोन पावलं मागे सरून पाहिली आणि म्हणाला, "छान दिसतेय. आत काही नाही आलं तरी चालेल."

नवऱ्याच्या अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करायला वहिनींना सव्वीस वर्षं मिळाली होती आणि एवढ्या सरावाने त्यांचा त्यात हात चांगलाच बसला होता.

वहिनी म्हणजे अख्ख्या इमारतीच्या वहिनी. सख्खा दीर त्यांना एकही नव्हता, पण तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पंचेचाळीस जण त्यांना वहिनी म्हणत, आणि त्यातले निम्मे वयाने त्यांच्याहून मोठे होते. बेत त्यांचा साधाच होता. पुढची खोली रिकामी करायची. निम्म्या खोलीत लग्न ठरलेल्या मुलींचा व्यायाम, उरलेल्या निम्म्यात चेहरा, केस, हात, पाय. तीन महिन्यांचा कार्यक्रम. एकाच छताखाली घाम काढायचा आणि पुसूनही द्यायचा. शिकायला त्या कुठे गेल्या नव्हत्या. व्यायाम टीव्हीसमोर उभं राहून शिकल्या, आणि भुवया कोरणं स्वतःच्या भुवयांवर. त्या काळात दीडेक महिना त्या सतत कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारख्या दिसत होत्या, तेवढं सोडलं तर विद्या उत्तम साधली होती.

पेंटरने पाटी रंगवली: 'नव्वद दिवसांत नवरी'. पहिल्याच दिवशी तिघं आले, तिघांच्याही हातात मुलाचा फोटो. एक गृहस्थ तर तासभर उठेचनात. "नव्वद दिवस थांबायची आमची तयारी आहे," ते म्हणाले, "पण मुलगी घरचं बघणारी हवी." दुसऱ्या दिवशी पेंटरला परत बोलावून पाटीखाली बारीक अक्षरांत एक ओळ घालावी लागली: 'मुलगी आपली आपण आणावी.'

मग सल्ले सुरू झाले. सल्ला ही एकच वस्तू अशी आहे की ती न मागता घरपोच मिळते आणि परत घेत नाहीत. आरसा कुठल्या भिंतीला लावावा यावर दोन मजल्यांत अबोला झाला. शेजारीण चहा प्यायला म्हणून आली आणि म्हणाली, "ब्यूटीचं ठीक आहे हो वहिनी. पण फिटनेस म्हणजे... तुम्ही?" आणि त्या 'तुम्ही'बरोबर तिची नजर वहिनींच्या खांद्यापासून निघाली ती सावकाश, मुक्काम करत करत, टाचेपर्यंत गेली.

"दातांच्या डॉक्टरकडे जाता तेव्हा आधी त्याचे दात मोजता का?" वहिनींनी विचारलं. कप मात्र त्यांनी जरा जोरातच ठेवला. लागलं होतं.

खरा सल्ला खालच्या मजल्यावरून आला. तिथे मोजणीकाका राहत. जमीनमोजणी खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. जमीन हातातून गेली होती, पण मोजणं सुटलं नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या, पिशवीतले बटाटे, पाहुण्याच्या जांभया, जे समोर येईल ते मोजत. वहिनींच्या वहीवर नजर टाकून ते कळवळले.

"वहिनी, नुसतं 'मुलगी जरा स्थूल' असं लिहून कुठे काम होतं का? तक्ता पाहिजे. दोन रकाने. सद्यःस्थिती आणि उद्दिष्ट. खाली 'प्रमाणित' म्हणून तुमची सही. आणि दोन प्रती. कागद एकच असला की तो हरवतो, हा माझा अनुभव आहे."

त्यांनी स्वतः पट्टी घेऊन शंभर कार्डं आखली. इतकी सुबक आखली की नको म्हणायला वहिनींची जीभ रेटेना. पुढचं सगळं रामायण त्या दुसऱ्या रकान्यातून निघालं. पण तेव्हा तो रकाना अगदी साळसूदपणे बसला होता.

परवान्याच्या कचेरीत खिडकी एकच होती आणि खिडकीमागे कारकूनही एकच.

"व्यायामशाळा की सौंदर्यगृह?" त्याने मान वर न करता विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही असा रकाना नाही."

"मग 'इतर'मध्ये घाला."

"'इतर' भरलंय." त्याने पान उलटून दाखवलं. खरंच भरलं होतं. "एका खोलीत दोन व्यवसाय असतील तर मध्ये आडोसा लागतो. जमिनीपासून छतापर्यंत. आरपार दिसता कामा नये."

"पडदा चालेल?"

"ते तपासनीस ठरवतील."

"कुठे बसतात ते?"

"इथेच."

"मग आत्ता विचारते ना त्यांना."

"ते दुपारी तीननंतर असतात." कारकुनाने पहिल्यांदा वर पाहिलं. "मीच. पण आत्ता मी कारकून आहे. तपासनिसाच्या कामात मला बोलता येत नाही."

वहिनी दुपारी तीनपर्यंत बाकावर बसून राहिल्या. तीन वाजता त्याच माणसाने खिडकी लावली, बाजूच्या दाराने बाहेर येऊन त्यांना पहिल्यांदाच पाहतोय अशा चेहऱ्याने विचारलं, "बोला, काय काम?" पडदा चालेल, असं ठरलं. कापड जाड हवं. तपासणी नव्वद दिवसांनी, शनिवारी, दुपारी तीन वाजता. तोवर धंदा तात्पुरत्या पावतीवर चालवता येईल. पावतीची मुदतही नव्वद दिवस.

नवरा जाऊन मखमल घेऊन आला. गर्द जांभळट लाल, नाटकाच्या थिएटरला शोभेल अशी. "जाड म्हणालीस ना?" तो म्हणाला. पडदा टांगल्यावर दांडी मध्ये वाकली. पण खोलीला अशी काही शोभा आली की वहिनी जाता-येता उगीचच त्याच्यावरून हात फिरवू लागल्या. आयुष्यात त्यांच्या मालकीची इतकी श्रीमंत वस्तू दुसरी नव्हती.

पहिली नवरी आली ती आत्याच्या मागून. आत्या पुढे आली म्हणून नवरी दिसली नाही असं मात्र नाही. मुलगी चांगली उंच, भरल्या अंगाची, कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावणारी. वीस किलोचा खोका कडेवर मूल घ्यावं तसा उचलायची. आई लहानपणीच गेलेली, म्हणून लग्नाचं सगळं आत्याच्या हाती. आत्याचा आवाज असा होता की समोरचा माणूस आपसूक सरळ बसे.

वहिनींनी टेप लावला. कंबर तेहतीस. सद्यःस्थितीत तेहतीस लिहिलं.

"उद्दिष्ट अठ्ठावीस," आत्या म्हणाली.

"आत्या, अठ्ठावीस मी सातवीत होते," नवरी म्हणाली.

"मग तेव्हा जमलं होतं ना? आता का नाही जमणार?"

वहिनी घुटमळल्या. पण पहिलं गिऱ्हाईक होतं, भिंतीवर फ्रेम रिकामी होती आणि शेजारीण चहाच्या निमित्ताने आत येऊन बसली होती. त्यांनी अठ्ठावीस लिहिलं. खाली मोजणीकाकांनी आखलेल्या रेघेवर 'प्रमाणित' म्हणून झोकदार सही केली. एक प्रत आत्याने पर्समध्ये टाकली.

आत्या जिना उतरल्यावर वहिनींनी विचारलं, "तुला काय हवंय गं?"

मुलीने विचार केला. "काकू, मला त्या दिवशी दोनच गोष्टी करायच्यात. पोटभर जेवायचं आणि मनासारखं हसायचं. मला हसायला आलं की कमरेतून वाकावं लागतं. उभ्याउभ्या हसता येत नाही मला." एवढं बोलून तिला त्याचंच हसू आलं आणि ती खरंच वाकली. गुडघ्यावर हात टेकून हसली. आरसा हलला.

वहिनींच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो आतल्या खोलीत होता. त्यात त्या कुणीतरी पायावर पाय दिल्यासारख्या दिसतात. सगळे म्हणत, किती लाजरी होती! लाजरी कसली. मागचे हुक चार बायकांनी मिळून लावले होते आणि संध्याकाळपर्यंत वहिनींनी श्वास फक्त वरच्या मजल्यावर घेतला होता. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. त्या दिवशीही सांगितली नाही. म्हणाल्या, "उद्या साडेसहाला ये. बूट घालून."

व्यायाम सुरू झाला. पहिल्या उडीला मोजणीकाकांच्या छताचा पोपडा पडला. ते वर आले ते भांडायला नव्हे, पेन्सिल घेऊन. "भेग कालपर्यंत इथवर होती," ते हाताने दाखवत म्हणाले, "मी खूण करून तारीख घातली आहे. आजच्या सत्तावीस उड्यांत ती चार सेंटीमीटर पुढे गेली. चालू द्या, फक्त आधी कळवत जा." उड्या बंद झाल्या. मग उभ्याउभ्या ओढायच्या दोऱ्या आणल्या, तर दोरी दिव्यात अडकली. शेवटी इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि देवच पावला. वहिनींनी जाहीर केलं, की पाण्याचे कॅन चार मजले वर नेणे हा आपल्या कार्यक्रमाचा भाग आहे. नवरी दोन हातांत दोन कॅन घेऊन गप्पा मारत जिना चढू लागली. महिनाभरात साऱ्या इमारतीचं पाणी ती चढवत होती, आणि शेजारीण गॅलरीतून ओरडायची, "अगं, माझा तिसऱ्यावर ठेव!" वहिनींचा नवरासुद्धा एक कॅन घेऊन निघाला आणि दुसऱ्या मजल्यावर बसला, तिथून नवरीने त्याला कॅनसकट वर आणला.

दहाव्या आठवड्यात टेप लावला. कंबर तेहतीस. दंड सव्वा इंचाने वाढलेले. खांदे दोन इंचांनी. मोजणीकाका तक्ता पाहून म्हणाले, "हे उद्दिष्टाच्या उलट दिशेने चाललंय."

"पण काका," नवरी म्हणाली, "माझी पाठ दुखायची थांबली. दोन वर्षं दुखत होती."

"त्याचा रकाना नाही," काका खिन्नपणे म्हणाले.

वहिनींनी आत्याला निरोप धाडला, कमरेचं जमत नाहीये, पोशाख सैलच शिवायला सांगा. आत्याने उलट निरोप दिला, पोशाखाची काळजी तुम्ही करू नका. मग वहिनींनी केली नाही. इथे त्या चुकल्या.

लग्न रविवारी होतं. शनिवारी सकाळी अकराला पोशाख घालून बघायचा होता, आणि तो वहिनींकडेच, कारण पूर्ण उंचीचा आरसा त्यांच्याकडे होता. त्याच शनिवारी तीनला तपासनीस यायचे होते. वहिनींनी पडदा झटकला, फ्रेम पुसली आणि ठेवणीतला ड्रेस घातला. टेलरमास्तर स्वतः पोशाख हातांवर आडवा घेऊन आले, झोपलेलं बाळ आणावं तसे. मोतिया रंगाचा, काठाला बारीक कशिदा. सगळ्यांनी आ वासला.

पडद्यामागे नवरी गेली. थोडा वेळ सळसळ ऐकू आली. मग काहीच ऐकू येईना.

"काकू," आतून आवाज आला, "हा माझा नाहीये."

खांद्यापर्यंत आला होता, पुढे सरकेना. वहिनींनी मागून ओढलं, आत्याने पुढून दाबलं. बाजूची चेन मिटायची म्हटली तर दोन कडांमध्ये चांगली पाच इंच नवरी उरत होती.

"मास्तर!" आत्या गरजली. "काय शिवलंत हे?"

मास्तरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि कोर्टात पुरावा ठेवावा तसा मेजावर ठेवला. मोजणीकाकांनी आखलेलं कार्ड. "आत्याबाई, तुम्ही पहिल्याच दिवशी हे दिलंत. म्हणालात, दुसऱ्या रकान्याप्रमाणे शिवा. कंबर अठ्ठावीस. मी तर विचारलं होतं, ही मापं कुणाची? तुम्ही म्हणालात, नव्वद दिवसांनंतरच्या मुलीची. आणि खाली यांची सही आहे. प्रमाणित."

खोलीत सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. शेजारणीने तर बसल्या जागेवरून जरा पुढे सरकून पाहिलं.

"शिवण उसवून मोठा करा," वहिनी म्हणाल्या. 

"उसवून काय करू? आत्याबाईंनी आत कापड ठेवूच दिलं नाही. म्हणाल्या, ती बारीकच होणार आहे, जास्तीचं कशाला सोडता? आणि हे कापड आता कुठेही मिळायचं नाही, शेवटचा तागा होता."

आत्या मात्र खचणारी नव्हती. "आत्तापासून उद्या संध्याकाळपर्यंत काही खायचं नाही. पाणीसुद्धा घोट घोट. रुंद पट्टी आणा, पोट बांधू. दोघी-तिघी मिळून चेन ओढू. उभं राहायचं, बसायचं नाही. आणि हसायचं तर अजिबात नाही. चार तासांचा तर प्रश्न आहे!"

"पण माझी मापं तर पहिल्या रकान्यात होती," नवरी हळूच म्हणाली. ती तशीच उभी होती, अर्धी पोशाखात, अर्धी बाहेर. वीस किलोचे खोके उचलणारी मुलगी, पण हात असे धरले होते, जणू आपल्या अंगाची जागा आपणच चोरून घेतली आहे. ती हसत नव्हती. नव्वद दिवसांत पहिल्यांदाच हसत नव्हती, आणि कुणी काही बोलायच्या आतच तिने श्वास आत ओढून धरला.

तो चेहरा वहिनींनी ओळखला. आतल्या खोलीत फोटोत होता तो.

"सोड," त्या म्हणाल्या.

"काय?"

"श्वास. सोड आधी." मग त्या आत्याकडे वळल्या. "मुलीला पोशाखात बसवायचं नाहीये, आत्याबाई. पोशाख मुलीला बसवायचाय. सही माझी आहे, चूक माझी आहे, निस्तरणार मी." आणि त्यांनी आरशाखालची कात्री उचलली. केस कापायची. या कात्रीला त्या नवऱ्यालाही हात लावू देत नसत; त्याने एकदा त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली तेव्हा दोन दिवस घरात शांतता होती. ती कात्री घेऊन त्या पडद्यापाशी गेल्या.

"अगं, तीन वाजता ते येणार आहेत!" नवरा म्हणाला.

"ठाऊक आहे."

"परवाना..."

"माझ्या ध्यानात आहे," वहिनी म्हणाल्या आणि मखमलीत कात्री घातली. कात्री कुरकुरली, अडली, मग कर्रकर्र करत वर गेली. तिची धार कायमची गेली, हे वहिनींना आवाजावरूनच कळलं. "मास्तर, काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना रुंद पट्ट्या. आणि खांद्याला हात वर करता येईल एवढी जागा. इंचाइंचात मोजू नका, सढळ हाताने सोडा."

"पडदा?" आत्याला धड श्वास घेता येईना. "माझी भाची पडदा नेसून लग्नाला उभी राहणार? लोक काय म्हणतील?"

"विचारतील, कुठून आणलं," नवरी म्हणाली. "मी सांगेन, पडदा आहे म्हणून." तिच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या होत्या.

मोजणीकाकांना खालून हाक मारून बोलावलं. ते लोखंडी टेप घेऊनच आले, परिस्थिती पाहिली आणि मेजावरचं आपलं कार्ड उचललं. मग खिशातून पेन काढून त्यांनी दुसऱ्या रकान्यावर पट्टीने, सरळ, दोन रेघा मारल्या. "मापं मी घेतो," ते म्हणाले. "सद्यःस्थितीची."

मास्तरांनी वहिनींच्या शिलाई मशीनवर बसून चक्क दोन तास मान वर केली नाही. आत्या खुर्चीत बसून होती, पण पावणेदोनच्या सुमाराला मास्तरांनी टाके घालायला मखमलीची कड धरायला सांगितली, तेव्हा ती उठली आणि धरली. वाकडी धरली म्हणून मास्तरांनी तिला झापलं. तिला झापणारं माणूस गेल्या वीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

अडीचला नवरी पोशाख घालून बाहेर आली. मोतिया रंग, दोन्ही बाजूंनी खालपर्यंत उतरलेली ती गर्द मखमल आणि उरलेल्या पडद्याचा मागे लोळणारा घोळ. 

"वाकून बघ," वहिनी म्हणाल्या.

"कशी वाकू? हसू आल्याशिवाय नाही येत."

"तुमचे पोपडे पडले त्या दिवसाचं सांगा हो काका हिला," नवरा म्हणाला. "तुम्ही छत्री उघडून जेवायला बसला होतात ते."

काकांना ती गोष्ट सांगितलेली आवडली नाही, पण नवरी खालून वरपर्यंत हलली, कमरेतून वाकली, गुडघ्यांवर हात टेकले आणि हसली. सगळ्यांचे कान शिवणीकडे. टाका एकही बोलला नाही.

"टिकतंय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

बरोबर तीनला तपासनीस आले. कागदपत्रांच्या फेऱ्यांत कारकून म्हणून त्यांनी वहिनींना आठ वेळा पाहिलं होतं, पण ओळख दाखवली नाही. खोलीच्या मध्ये नुसती दांडी होती, मध्ये वाकलेली, आणि तिच्या एका कडेला चार बोटं रुंद मखमलीची फाटकी लांब चिंधी लोंबत होती.

"पडदा कुठे आहे?"

वहिनी आयुष्यात कधी इतक्या ताठ उभ्या राहिल्या नव्हत्या. "लग्नाला गेलाय."

"कधी परतेल?"

"त्याचं त्याच्या सासरचे ठरवतील."

तपासनिसांनी दांडीकडे पाहिलं, चिंधीकडे पाहिलं, मशीनखाली पडलेल्या कतरणींकडे पाहिलं. मग मेजावर बसून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, बराच वेळ लिहिलं.

रविवारी नवरी दोनदा वाढून घेऊन जेवली. फोटोवाल्याने तीन वेळा 'जरा सरळ उभ्या राहा ताई' म्हणून सांगितलं आणि चौथ्यांदा नाद सोडला. अल्बममधले निम्मे फोटो कमरेतून वाकलेले आहेत. तिच्या सासूने मखमलीला हात लावून विचारलं, "कुठली गं ही?" तेव्हा नवरीच्या आधी आत्याच ठसक्यात म्हणाली, "पडदा आहे. खास कापून घेतला."

कचेरीचा कागद बुधवारी आला. 'अर्ज नामंजूर. कारण: दोन व्यवसायांमधील पडदा तपासणीवेळी जागेवर आढळला नाही. पडदा लग्नास गेल्याचे अर्जदार सांगतात. परतल्यावर नव्याने अर्ज करावा.' खाली गोल शिक्का. नवऱ्याने कागद उलटसुलट पाहिला, फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले. कागद आत अगदी चपखल बसला.

"मी म्हटलं होतं, छान दिसेल," तो म्हणाला.

सोमवारपासूनच तीन मुली पाण्याचे कॅन चढवत होत्या. लिफ्ट दुरुस्त झाली, तरी. कार्डावर आता एकच रकाना आहे, आणि शेजारच्या मोकळ्या जागेत मोजणीकाका बारीक अक्षरांत 'पाठ', 'झोप', 'हसणे' असली मोजता न येणारी मापं टिपतात आणि त्यामुळे हैराण होतात. वहिनी दर नव्वद दिवसांनी नवा अर्ज घेऊन खिडकीशी उभ्या राहतात, कारण अर्ज नवा असला की तात्पुरती पावतीही नवी मिळते.

"पडदा परतला का?" कारकून मान वर न करता विचारतो.

"नाही हो," वहिनी म्हणतात. "सासरीच आहे. रमलाय."

तो पावतीवर शिक्का मारतो आणि खिडकीतून पुढे सरकवतो.